सकाळी सातच्या गेटवर

"आपण दिनांक अमुक रोजी पहिल्या पाळीस हजर झालात, तेव्हा आपल्या तोंडास मद्याचा वास येत असल्याचे सुरक्षारक्षकाच्या निदर्शनास आले." आधी कार्मिक अधिकारी, मग चौकशी अधिकारी आणि आता सल्लागार म्हणून मी दारूच्या प्रकरणांतली जी आरोपपत्रे वाचली, त्यांत हे वाक्य जवळपास शब्दशः भेटत आले आहे. कुणीतरी कधीकाळी एक मसुदा केला आणि तो या कारखान्यातून त्या कारखान्यात फिरत राहिला. हे वाक्य रक्षकाच्या नाकाला काय जाणवले एवढेच सांगते. तो माणूस सरळ चालत होता का, विचारलेल्याला नीट उत्तर देत होता का, कोणत्या मशीनवर जाणार होता, त्याला कुणी तपासले आणि किती वाजता, यातले काहीही त्यात नसते. आणि त्याच्यावर कुणाची अठरा, कुणाची बावीस वर्षांची नोकरी टांगलेली असते.

आपल्यापैकी बहुतेकांच्या कारखान्यांतले स्थायी आदेश 1959 च्या मुंबई नियमांतल्या नमुन्यावरून बेतलेले आहेत. त्यांतल्या गैरवर्तनाच्या यादीत नशेत असणे आहे, आवारात दंगा किंवा असभ्य वर्तन करणे आहे. वास येणे त्यात नाही. हा फरक शाब्दिक वाटेल, पण पुढची सगळी लढाई त्याच्यावरच होते. 1971 साली महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की श्वासाला दारूचा वास आहे, चाल डळमळीत आहे, बोलणे विसंगत आहे, बाहुल्या विस्फारलेल्या आहेत, एवढ्यावरून माणसाने मद्य घेतले होते असा निष्कर्ष काढता येत नाही. त्या प्रकरणात रक्ताचा नमुना तपासणीला गेला होता, पण अहवाल कोर्टापुढे आलाच नाही. तो खटला फौजदारी होता. खात्यांतर्गत चौकशीत पुरावा इतका काटेकोर लागत नाही, शक्यतेचे पारडे कुठे झुकते एवढे पाहतात, हे खरे. तरीही कामगाराचे वकील तो निकाल पुढे ठेवतात, आणि आपल्या फाइलमध्ये रक्षकाच्या एका जबाबाखेरीज काही नसेल, तर त्या पारड्यात घालायला आपल्याजवळ फारसे काही उरत नाही.

मुळात वास हा साक्षीदार म्हणून फार कच्चा आहे. शुद्ध अल्कोहोलला स्वतःचा वास अगदी सौम्य असतो. आपल्याला जाणवतो तो बहुतांशी पेयातल्या इतर द्रव्यांचा. म्हणून देशीचा एक ग्लास घेतलेला माणूस दहा फुटांवरून ओळखू येतो आणि व्होडकाची अर्धी बाटली रिचवलेला रक्षकाच्या समोरून पंचिंग करून आत जातो. उग्र वास म्हणजे जास्त दारू, हे समीकरण कुठल्याच डॉक्टरला मान्य होणार नाही. शिवाय वास दारूचाच असेल असेही नाही. पेंट शॉपमधला माणूस दिवसभर थिनरमध्ये वावरतो. आसवे आणि अरिष्टे आंबवूनच तयार होतात, त्यामुळे द्राक्षासवात किंवा दशमूलारिष्टात अल्कोहोल असतेच. होमिओपॅथीचे थेंबही बहुधा अल्कोहोलमध्येच असतात.

मला सर्वांत जास्त भीती मधुमेहाच्या रुग्णाची वाटते. साखर बेसुमार वाढून रक्तात कीटोन साचले, की श्वासाला गोडसर, फळासारखा वास येतो, माणूस गळून जातो, असंबद्ध बोलतो. साखर एकदम खाली गेली तर वास येत नाही, पण तो झोकांड्या खातो, चिडतो, घामाने डबडबतो. गेटवर दोघांनाही "टाकून आलाय" म्हणून बाजूला काढले जाऊ शकते. त्यांना तातडीने हवा असतो डॉक्टर, आणि एका थेंबाची ग्लुकोमीटर तपासणी एका मिनिटाच्या आत होते. दारूच्या संशयाने बाजूला घेतलेल्या प्रत्येकाची साखर आधी पाहायची, हा नियम आपल्या सगळ्या वैद्यकीय केंद्रांत असावा असे मला मनापासून वाटते.

आता उलट बाजू. वास नाही म्हणून माणूस शुद्धीत आहे असे धरणेही तितकेच चूक. यकृत रक्तातली दारू साधारण तासाला 15 मिलिग्रॅम दर 100 मिलिलिटरमागे, या गतीने कमी करते. कुणाचे थोडे जलद, कुणाचे थोडे सावकाश. लग्नाच्या वरातीत रात्री एकपर्यंत बसलेल्या माणसाच्या रक्तात त्या वेळी 150 असेल, तर सकाळी सातला ते 60 च्या घरात असते. मोटार वाहन कायद्याची मर्यादा 30 आहे. म्हणजे हा माणूस पाच तास झोपून, आंघोळ करून, चहा घेऊन, कपाळाला गंध लावून येतो, तेव्हाही त्याच्या रक्तात मोटारसायकल चालवण्याच्या मर्यादेच्या दुप्पट दारू असते. "साहेब, सकाळपासून थेंब घेतला नाही," असे तो शपथेवर सांगतो आणि ते खरेच असते. लिंबूपाणी, काळा चहा, थंड पाणी यांनी हा वेग वाढत नाही. पहिली पाळी, पगारानंतरचा दिवस, गटारीची दुसरी सकाळ, 1 जानेवारी, ही आपली जोखमीची वेळ. त्या सकाळी येणारे बहुतेक लोक व्यसनी नसतात. त्यांना आपण हा हिशेब कधी सांगितलेलाच नसतो. टूलबॉक्स टॉकमध्ये हेल्मेट आणि गॉगलबद्दल दर आठवड्याला बोलतो, तिथे वर्षातून दोनदा एवढे सांगायला पाच मिनिटे लागतात.

श्वासाचे यंत्र घेतले की प्रश्न सुटला, असे समजणारे व्यवस्थापक मला बरेच भेटतात. यंत्र हवेच, पण ते वेळोवेळी कॅलिब्रेट केलेले हवे आणि त्याचे प्रमाणपत्र फाइलला हवे. नुकतेच माउथवॉश वापरलेल्याच्या तोंडातच अल्कोहोल रेंगाळते, म्हणून चूळ भरायला लावून पंधरा-वीस मिनिटे थांबायचे आणि मग पुन्हा फुंकर घ्यायची. विमान वाहतुकीत वैमानिकाची पहिली चाचणी सकारात्मक आली तर दुसरी होतेच, आणि अल्कोहोल असलेला माउथवॉश वापरायलाच त्यांना मनाई आहे. यंत्रावर आकडा काय आल्यावर काय करायचे, हेही आधी ठरलेले असले पाहिजे. स्थायी आदेशांत आकडा नाही. मोटार वाहन कायद्यात 30, महाराष्ट्राच्या दारूबंदी कायद्यात 50 वर पुराव्याचा भार आरोपीकडे जातो. कारखान्याला शून्य ठेवायचे असेल तर जरूर ठेवावे, माझे मत तेच आहे. पण ते युनियनशी बोलून, लेखी, मराठीत आणि हिंदीत बोर्डावर लागलेले हवे. घटना घडल्यावर काढलेले सर्क्युलर कामाला येत नाही. फुंकर घ्यायला कुणी नकार दिला, तर त्याला धरून बळजबरी करू नये. नकाराची वेळ आणि त्याचे शब्द जसेच्या तसे लिहावेत, दोन साक्षीदारांच्या सह्या घ्याव्यात, त्यांतला एक शक्यतो कमिटी मेंबर असावा.

यानंतर जे होते, त्याबद्दल मला सगळ्यात जास्त बोलायचे आहे, कारण तिथे माझ्या हातून चूक झाली आहे. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत मी एका इंजिनिअरिंग कारखान्यात होतो. पहिल्या पाळीला प्रेस शॉपचा एक ऑपरेटर पिऊन आला. रक्षकाने अडवले, मला बोलावले. मी त्याला दोन वाक्ये सुनावली, गेट रजिस्टरमध्ये "परत पाठवले" असे लिहून सही केली आणि आत गेलो. प्रेसवर त्याला जाऊ दिले नाही याचे मला समाधान होते. तो आपली मोटारसायकल काढून निघाला. आठच्या सुमारास हॉस्पिटलमधून फोन आला. त्याचा पाय वाचला, पण पुन्हा तो प्रेसवर उभा राहू शकला नाही. त्याची बायको ऑफिसात आली तेव्हा तिने मला एकच विचारले, "तो प्यायला होता हे तुम्हाला दिसलं होतं ना?" माझ्याकडे उत्तर नव्हते. मशीन चालवायला लायक नाही असे ज्याच्याबद्दल मीच ठरवले, त्याला मीच रस्त्यावर गाडी चालवायला सोडले होते.

म्हणून विनंती आहे. ज्याला आत घेणार नाही, त्याच्या गाडीची चावी ठेवून घ्या. वैद्यकीय केंद्रात बसवा, घरी फोन करा, कुणी न्यायला आले नाही तर कंपनीच्या गाडीने सोबत माणूस देऊन पोहोचवा. हा खर्च एका रिक्षाच्या भाड्याइतका आहे. आणि आरोपपत्राचे बोलणे त्या सकाळी करू नका. नशेत घेतलेली कबुली चौकशीत टिकत नाही आणि अपमान मात्र आयुष्यभर टिकतो.

शिक्षेबद्दल. अनुचित कामगार प्रथांना आळा घालणाऱ्या एमआरटीयू-पल्प कायद्याच्या चौथ्या परिशिष्टातली पहिलीच बाब आपल्याला पाठ असायला हवी: किरकोळ गैरवर्तनासाठी, त्याचे स्वरूप आणि मागची सेवा न बघता, धक्कादायक वाटेल इतकी जड शिक्षा देणे ही अनुचित प्रथा आहे. पहिलाच प्रसंग, दंगा नाही, अपघात नाही, आणि थेट बडतर्फी, ही ऑर्डर कोर्टात उभी राहणे कठीण. दुसऱ्या टोकाला 2022 चे सर्वोच्च न्यायालयाचे प्रकरण आहे. उत्तर प्रदेशातल्या सशस्त्र दलाचा एक चालक कुंभमेळ्याच्या बंदोबस्ताचे जवान घेऊन दारू पिऊन ट्रक चालवत होता आणि जीपला धडकला. मोठी हानी झाली नाही ही केवळ नशिबाची गोष्ट, त्यावरून सूट मिळणार नाही, असे न्यायालयाने बजावले. तरीही 25 वर्षांची सेवा पाहून बडतर्फीचे रूपांतर सक्तीच्या निवृत्तीत केले, म्हणजे सेवेचे लाभ घरच्यांपर्यंत पोहोचले. क्रेन, फोर्कलिफ्ट, बॉयलर, बस यांवरच्या माणसाला मी पहिल्याच प्रसंगात त्या कामावरून हटवीन आणि परत देताना फार वेळ घेईन. त्याची नोकरीच काढून घ्यायची का, हा वेगळा प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर फाइलमधल्या मागच्या पानांवर असते. नुकसानभरपाईचा कायदाही कामगारांना समजावून सांगा: नशेमुळेच अपघात झाला आणि बोट गेले, तर मालकाची जबाबदारी उरत नाही. मृत्यू किंवा कायमचे संपूर्ण अपंगत्व आले तर मात्र ती राहते. बोट गमावलेल्याला हे नंतर कळू नये.

जो पुन्हा पुन्हा तसाच येतो, त्याचे काय? त्याला निलंबित करून निम्म्या पगारावर घरी बसवले की आपल्याला वाटते, आता ताळ्यावर येईल. काही जण खरेच त्या दिवशी शपथ घेतात आणि बाटली फेकतात. रोज पिणाऱ्याने एकदम बंद केली तर पहिल्या दिवसात हात थरथरतात, दोन दिवसांत फिट येऊ शकते, तिसऱ्या-चौथ्या दिवशी भ्रम होतो आणि त्यात जीवही जातो. म्हणून निलंबनाच्या पत्रासोबत डॉक्टरची चिठ्ठी जायला हवी. पुण्यात डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी 1986 साली सुरू केलेले मुक्तांगण आहे, गावोगाव अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या सभा भरतात. उपचार घेऊन आलेल्याला त्याच लाइनवर, पाळी सुटल्यावर ज्यांच्याबरोबर तो बसायचा त्याच मित्रांत परत ठेवायचे की पाळी बदलायची, एवढा विचार कल्याण अधिकाऱ्याने केला तरी पुष्कळ होते. बोलताना उपदेश नको. तारखा समोर ठेवा: या महिन्यात चार सोमवार गैरहजर, दोनदा उशीर, एकदा गेटवरून परत. तो वाद घालू शकणार नाही.

आणखी एक गोष्ट खटकते. यंत्र फक्त टोकन नंबरवाल्यांच्या गेटवर असते. डीलर मीटिंगच्या रात्री कंपनीच्याच खर्चाने बसलेले अधिकारी दुसऱ्या दिवशी वेलची चघळत प्लँट राउंडला येतात, त्यांच्यासमोर कुणी नळी धरत नाही. दुसऱ्या बाजूला ठेकेदाराच्या माणसाला आरोपपत्रही मिळत नाही. "उद्यापासून येऊ नको" एवढेच त्याला ऐकवले जाते, साखर तपासणे दूरच. शून्याचा नियम करायचा असेल तर तो तिन्ही गेटांवर एकाच यंत्राने लागू झाला पाहिजे. हे वरिष्ठांना सांगायची वेळ येते तेव्हा आपण कचरतो, हे मी जवळून पाहिले आहे.

पुढच्या अंकात आम्ही गेटवरच्या नोंदीचा एक पानी नमुना छापणार आहोत: वेळ, चाल, बोलणे, डोळे, साखर, दोन फुंकरींचे आकडे, साक्षीदार, आणि सर्वांत खाली "घरी कुणासोबत, कोणत्या गाडीने" हा रकाना. आपल्याकडे वापरात असलेले नमुने नावे खोडून महिनाअखेरपर्यंत पाठवा. शेवटचा रकाना ज्यांच्या नमुन्यात आधीपासून आहे, त्यांनी तो कोणत्या घटनेनंतर आला तेही लिहावे.