१५ अंश आणि १७ टक्के

२०२४ च्या नोव्हेंबरात पर्थच्या कसोटीत जसप्रीत बुमराहने आठ बळी घेतले, पहिल्या डावात तर अवघ्या ३० धावांत पाच, आणि भारताने ऑस्ट्रेलियाला २९५ धावांनी हरवले. सामना चालू असतानाच तिकडच्या काही प्रेक्षकांनी समाजमाध्यमांवर शंका उपस्थित केली की हा मनुष्य चेंडू टाकत नसून फेकतो आहे. ग्रेग चॅपेल यांच्यासारख्या जुन्या ऑस्ट्रेलियन कर्णधाराने लेख लिहून बुमराहची बाजू घेतली, हे त्यांच्या न्यायबुद्धीला शोभणारेच होते. पण शंका ती शंका. परदेशी राहणाऱ्या वाचकांपैकी अनेकांना त्या आठवड्यात कचेरीतल्या सहकाऱ्यांशी या विषयावर वाद घालावा लागला असेल.

त्या सुमारास मी तंजावरात होतो. राजवाड्याजवळच्या एका लहानशा कॉफीच्या दुकानात हाच वाद मोठ्या आवेशाने चालला होता, आणि आश्चर्य म्हणजे त्यातला निम्मा मराठीत होता. भोसल्यांचे राज्य १८५५ मध्ये संपले. परंतु त्यांच्यासोबत आलेल्या कुटुंबांचे वंशज अजून येथे आहेत, आणि त्यांतील ब्राह्मण कुटुंबांना गावात ‘रायर’ म्हणून ओळखतात. अशाच एका निवृत्त रायरांनी, तमिळच्या हेलात बुडालेल्या त्या जुन्या मराठीत, सगळ्यांना गप्प केले. मुरलीधरनच्या वेळी हेच शब्द आपण उच्चारत होतो, आता आपल्या पोराच्या हाताबद्दल कोणी बोलले की राग का यावा, असा त्यांचा प्रश्न होता. कोणाजवळही त्याचे नीट उत्तर नव्हते. माझ्याजवळही नव्हते; म्हणून हा लेख.

मुरलीधरनचे नाव या भागात निघणे साहजिक आहे. त्याचे आजोबा १९२० मध्ये दक्षिण भारतातून सिलोनच्या चहामळ्यांत मजुरीला गेले आणि पुढे परतून तिरुचिरापल्लीला राहिले. तंजावरहून ते शहर दीड तासाच्या अंतरावर आहे. तो स्वतः २००८ पासून तीन मोसम चेन्नईच्या पिवळ्या गणवेशात खेळला, आणि ज्या चेपॉकवर त्याच्या कोपराची टिंगल झाली असेल त्याच चेपॉकने त्याच्या बळींवर टाळ्या वाजवल्या. (त्याच्या जीवनावरील चित्रपटावरून २०२० मध्ये तमिळनाडूत जे वादळ उठले, त्याचा कोपराशी काही संबंध नव्हता, ते श्रीलंकेतील युद्धाचे दुःख होते, आणि तो विषय या लेखात मावणारा नाही.)

आता प्रत्यक्ष प्रकरण. २६ डिसेंबर १९९५ रोजी मेलबर्न येथे पंच डॅरेल हेअर यांनी मुरलीधरनचे सात चेंडू फेकीबद्दल नोबॉल ठरवले. कर्णधाराने त्याला बाजू बदलून दुसऱ्या टोकाकडून गोलंदाजी दिली. तेथे स्टीव्ह डन पंच होते. त्यांनी एकही चेंडू नोबॉल दिला नाही. तोच गोलंदाज, तोच हात, तेच मैदान आणि तीच दुपार. एका टोकाला अपराध आणि दुसऱ्या टोकाला निर्दोष! ज्याने तालुक्याच्या दोन मंडळांत एकाच नियमाचे दोन अर्थ लावले गेलेले पाहिले आहेत, त्याला हे दृश्य अपरिचित वाटणार नाही.

हेअर यांना खलनायक ठरवण्याची आपल्याकडे रीत पडली आहे. मला ती पटत नाही. त्या काळच्या नियमाची भाषा पाहावी. चेंडूच्या निर्दोषतेबद्दल पंचाची पूर्ण खात्री नसेल, तर त्याने तत्काळ नोबॉल द्यावा, असे तो नियम सांगत होता. म्हणजे दोष सिद्ध करण्याचा भार कोणावरच नव्हता. शंका हाच पुरावा होता. आमच्या शासकीय परिभाषेत याला ‘अधिकाऱ्याचे व्यक्तिनिष्ठ समाधान’ म्हणतात. प्रतिबंधक स्थानबद्धतेच्या आदेशांवर हे शब्द लिहिताना कोणत्याही विचारी अधिकाऱ्याचा हात जड होतो, कारण त्यांत त्याचे डोळे, त्याचे संस्कार, त्याचा पूर्वग्रह असे सर्व काही सामावते. हेअर यांनी नियम मोडला नाही. नियमाने त्यांना जे दिले होते ते त्यांनी वापरले. दोष नियमाचाच होता.

पुढे तपासण्या झाल्या. मुरलीधरनचा हात जन्मतःच पूर्ण सरळ होत नाही, हे निष्पन्न झाले. येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे, कारण दुकानातल्या वादात निम्मा वेळ त्यातच गेला. वाकलेल्या हाताने गोलंदाजी करणे हा गुन्हा नाही. हात खांद्याच्या रेषेत आल्यापासून चेंडू सुटेपर्यंत कोपर सरळ होत गेले, तर ती फेक. आणि बुमराहप्रमाणे कोपर सरळ रेषेच्याही पलीकडे उलट झुकत असेल, तर ते झुकणे या मापात धरले जात नाही. दूरदर्शन संचावर पाहणाऱ्याला मात्र तिन्ही गोष्टी सारख्याच दिसतात.

२००४ मध्ये मुरलीधरनचा ‘दूसरा’ मोजला गेला तेव्हा कोपर १४ अंश सरळ होत असल्याचे आढळले. सुधारणेनंतर ते सुमारे १० अंशांवर आले. त्या वेळी फिरकी गोलंदाजाला मर्यादा होती ५ अंशांची, मध्यमगतीला साडेसातची आणि वेगवान गोलंदाजाला दहाची. त्याच वर्षी इंग्लंडमधील चॅम्पियन्स करंडकाच्या वेळी जगातील गोलंदाजांचे चित्रण करून अभ्यास झाला आणि जे बाहेर आले ते धक्कादायक होते. ज्यांच्या हाताकडे कोणी कधी वाकड्या नजरेने पाहिले नव्हते, अशांसह जवळपास सर्वच गोलंदाजांचे कोपर थोडेबहुत सरळ होत होते. नियम काटेकोर लावला असता तर जगात गोलंदाजच उरले नसते! आयसीसीच्या क्रिकेट समितीचे अध्यक्षपद त्या काळी सुनील गावस्करांकडे होते. साध्या डोळ्यांना फेक जाणवू लागते ती साधारण १५ अंशांच्या पुढे, हा आधार घेऊन मार्च २००५ पासून सर्वांना एकच १५ अंशांची मर्यादा लागू झाली.

मुरलीधरनसाठी नियम वाकवला, असे तेव्हा म्हटले गेले आणि अजूनही म्हटले जाते. बिशनसिंग बेदींनी तर हा बदल कधीच मान्य केला नाही, आणि बेदींच्या हातून सुटलेला चेंडू पाहिलेल्या पिढीला त्यांचा संताप समजू शकतो. पण प्रशासनातल्या माणसाने हा प्रश्न वेगळ्या रीतीने विचारावा. जुना नियम सर्वांकडून मोडला जात होता आणि शिक्षा मात्र ज्याचा हात विचित्र दिसतो त्यालाच होत होती. असा नियम कडक नसतो, तो फक्त निवडक असतो.

तंजावरात हे समजावून सांगण्यासाठी क्रिकेटची गरज पडत नाही. कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातला हा जिल्हा भाताचा. कुरुवै पिकाची कापणी आणि ईशान्य मोसमी पावसाची सुरुवात ऑक्टोबरात अनेकदा एकमेकांवर आदळतात. शेतकरी भात घेऊन राज्य नागरी पुरवठा महामंडळाच्या थेट खरेदी केंद्रावर येतो. ओलाव्याची मर्यादा १७ टक्के. रस्त्याच्या कडेला, देवळाच्या पटांगणात, जिथे मोकळी फरशी मिळेल तिथे भात पसरलेले दिसते, आणि ढग आले की सगळे कुटुंब ताडपत्री घेऊन धावते. ओलावा मोजण्याचे यंत्र नसेल किंवा बंद असेल, तर केंद्रावरचा माणूस मूठभर दाणे घेतो, तळहातावर चोळतो, एखादा दातांखाली फोडतो आणि निर्णय देतो. तो बहुधा चुकतही नाही. वर्षानुवर्षांचा अनुभव असतो. परंतु ज्याचे भात परत जाते, त्याला हे कसे पटावे? शेजारच्याचा दाणाही तसाच फुटला होता, हे त्याने डोळ्यांनी पाहिलेले असते.

२०२३ च्या फेब्रुवारीत अवकाळी पावसाने त्रिभुज प्रदेशातले उभे पीक झोपवले तेव्हा केंद्र सरकारने ओलाव्याची मर्यादा २० टक्क्यांपर्यंत शिथिल केली. त्या वेळी कोणी असे म्हटल्याचे ऐकिवात नाही की ओल्या भाताला सोकावण्यासाठी नियम वाकवला. कारण ती सूट आदेशाने, आकड्यात आणि सर्वांना होती. केंद्रावरच्या माणसाने तीच सूट एकाच्या पोत्याला डोळा मिचकावून दिली असती तर ती मेहेरबानी ठरली असती, आणि मेहेरबानीचा दर कधीतरी ठरतोच.

तथापि प्रेक्षकांचे सगळे आक्षेप निराधार आहेत, असे मी म्हणणार नाही. आज आंतरराष्ट्रीय सामन्यात संशयास्पद हाताबद्दल पंच मैदानावर सहसा काही बोलत नाहीत. सामन्यानंतर अहवाल पाठवतात. मग गोलंदाज मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत जातो, अंगावर चकाकणारे ठिपके लावून कॅमेऱ्यांसमोर चेंडू टाकतो, आणि निष्कर्ष येईपर्यंत सामन्यांत गोलंदाजी करण्यास मोकळा असतो. ज्या सामन्यात तो संशयास्पद चेंडू पडला, त्याचा निकाल तसाच राहतो. शिवाय प्रयोगशाळेत मनुष्य जपून वागतो, हे कोणाला सांगायला हवे? तपासणीचे पथक येणार असे कळले की ज्या कार्यालयात एरवी खुर्च्या रिकाम्या असतात तेथे रांगोळी काढलेली मीही पाहिली आहे. यावर उपाय म्हणून प्रयोगशाळेतील हाताची हालचाल सामन्यातील चित्रणाशी ताडून पाहतात. पण प्रेक्षकाची टोचणी त्याने पूर्ण जात नाही. आणि पंचाचे काय? ज्याच्या एका इशाऱ्यावर एके काळी कारकीर्द संपत असे, तो आता फाईलवर ‘वरिष्ठांच्या निर्णयार्थ सविनय सादर’ असा शेरा मारणारा झाला आहे. या अवस्थेचा मला अनुभव आहे आणि तिच्यात सुख असते, हेही कबूल करतो.

तरीही मी प्रयोगशाळेच्या बाजूने आहे, आणि त्याचे कारण चेन्नईतच सापडते. तेथील श्री रामचंद्र विद्यापीठाच्या केंद्राला आयसीसीची मान्यता मिळाल्यावर २०१४ च्या अखेरीस प्रग्यान ओझाचा हात चेन्नईत तपासला गेला आणि मर्यादेबाहेर आढळला. भारतीय मंडळाने आपल्याच कसोटी गोलंदाजाला थांबवले. त्याने हात सुधारला, पुन्हा तपासणी दिली आणि काही आठवड्यांतच तो निर्दोष ठरला. २०१५ च्या जुलैत पाकिस्तानच्या मोहम्मद हफीझची तपासणीही चेन्नईतच झाली; दोन वर्षांतला दुसरा दोष म्हणून त्याच्यावर बारा महिन्यांची बंदी आली. भारतात मोजला म्हणून आकडा खोटा, असा ओरडा फार काळ टिकला नाही. कारण त्याच यंत्राने थोड्याच दिवसांपूर्वी भारतीय हातही दोषी ठरवला होता. हा प्रग्यान ओझा म्हणजे तोच, ज्याला २२ जुलै २०१० रोजी गॉल येथे बाद करून मुरलीधरनने आपला आठशेवा आणि शेवटचा कसोटी बळी मिळवला होता. असो.

दुकानातला वाद कसा मिटला ते सांगायचे राहिले. मिटला नाहीच. शेजारच्या बाकावर शिकवणीहून परतलेला एक मुलगा बसला होता. रायरांनी त्याची कंपासपेटी मागून घेतली, वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर कोनमापक ठेवून पंधरा अंशांचा कोन काढला आणि कागद सगळ्यांपुढे फिरवला. कागद हातोहात गेला. एक म्हणाला, एवढा मोठा? दुसरा म्हणाला, एवढासाच? मग कॉफीचे पेले उचलायला आलेल्या पोऱ्याने आपला उजवा हात कोपरात किंचित दुमडला, कोनाच्या रेषेवर धरला आणि हळूच सरळ करून पाहिला, आणि आम्ही सगळे वाकून त्याच्या कोपराकडे पाहू लागलो.