बुवांचे शब्द टाळांखाली गाडू नका

हल्ली भजनी मंडळं आपले अभंग रेकॉर्ड करून यूट्यूबवर टाकतात. चांगलं आहे. पण बऱ्याचदा टाळ-पखवाज दणदणीत असतात आणि बुवा काय म्हणतायत तेच कळत नाही. अभंगाचा शब्दच पोचला नाही, तर ऐकणाऱ्याने ऐकायचं काय?

मिक्सिंगला बसलात की आधी सगळे फेडर खाली आणा. पहिल्यांदा फक्त बुवांचा आवाज लावा. मग पखवाज. मग पेटी. टाळ सगळ्यांत शेवटी, तेही हळूहळू. ऐकू येऊ लागले की तिथेच थांबा.

शब्द बुडतोय असं वाटलं की हात आपसूक बुवांच्या फेडरकडे जातो. आवरा. बुवा वर गेले की पखवाजवाले म्हणतात, आमचंही वाढवा. मग पेटीवाले. थोड्या वेळाने दिवे लाल होतात आणि सगळंच फाटतं. आवाज फार मोठा असेल तर यूट्यूब तो स्वतःच खाली आणतं, म्हणजे त्या चढाओढीतून हाती काहीच लागत नाही. त्यापेक्षा जे आड येतंय ते खाली घ्या. आणि हो, ज्याचं वाद्य त्याच्या हातात फेडर देऊ नका.

आड येते ती बहुतेक वेळा पेटी. बिचारीचा दोष नाही. साथ करताना ती बुवांच्याच सुरांवरून चालते, म्हणून गळ्यावर बसते. बुवा गात असताना तिला थोडी खाली ठेवा. दोन ओळींमधल्या मोकळ्या जागेत वर आणा. पेटीचा ट्रॅक वेगळा असेल तर ती जरा डावीकडे सरकवा, बुवा मधोमध राहू द्या.

टाळांचं दुखणं वेगळं. त्यांचा खणखणाट नेमका ‘स’, ‘श’, ‘च’ या अक्षरांवर पडतो आणि ती अक्षरं पुसली जातात. अशा वेळी टाळांचा ट्रेबल थोडा कमी करा. ठेका राहतो, धार तेवढी जाते.

पखवाजाच्या डाव्या तोंडाला कणीक लावलेली असते, त्यातून तो घुमारा येतो. मोबाइलच्या इवल्याशा स्पीकरमधून तो जवळजवळ येतच नाही. मोबाइलवर ऐकून तुम्ही तो वाढवत बसलात, तर देवळातल्या मोठ्या स्पीकरवर नुसतं धमधम ऐकू येईल. म्हणून दोन्हीकडे ऐका. मोबाइलवाल्यांसाठी उजव्या तोंडाचे बोल स्वच्छ ठेवा, ते तिथेही पोचतात.

मिक्सरवर ‘लो कट’चं बटण असेल तर बुवांच्या माईकचं दाबा. खालची घरघर बरीच कमी होते. इको बेतानेच द्या. गजर द्रुत लयीत गेला की इकोमुळे एका ओळीचं शेपूट पुढच्या ओळीवर पडतं.

आता परीक्षा. आवाज अगदी बारीक करा आणि ऐका. पण तुमच्या कानांवर फार भरवसा ठेवू नका. अभंग तुम्हाला पाठ आहे, त्यामुळे न ऐकू आलेला शब्दही तुम्हाला ऐकू येतो! ज्याला तो अभंग माहीत नाही अशा कुणाला तरी बसवा आणि दोन चरण ऐकून लिहायला सांगा. जिथे तो अडेल, तिथे कोण आड आलंय ते बघा. रात्री उशिरा, कान शिणलेले असताना फाइल पाठवू नका. सकाळी पुन्हा एकदा ऐका.

वेगवेगळे ट्रॅक नसतील, नुसता एक मोबाइल असेल, तरी बिघडत नाही. मग फेडरऐवजी माणसं सरकवायची. बुवा मोबाइलपासून हातभर. पेटी बाजूला, थोडी मागे. पखवाज तिच्या मागे. टाळकरी पार भिंतीशी. एक चरण म्हणा, ऐका, टाळ बोचले तर त्यांना ओसरीवर पाठवा. रागावतील थोडे. चहा आधी त्यांना द्या. आणि रेकॉर्डिंग सुरू करण्याआधी पंखा बंद करा.