शेजार हवा, पण कसा?

सध्या मुंबईच्या बी.डी.डी. चाळींबद्दल पुष्कळ लिहून येतं. वरळीच्या चाळी पाडून तिथं उंच इमारती उभ्या राहताहेत आणि 2025 च्या ऑगस्टमध्ये पहिल्या 556 कुटुंबांना 500 चौरस फुटांच्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. तेव्हापासून ज्यांनी चाळीत एक रात्रही काढली नाही, तेसुद्धा 'चाळीतली माया' या विषयावर भरभरून बोलू लागले आहेत. मी लग्न होऊन कळंबोलीला येईपर्यंत वरळीच्या चाळीतच वाढले. माझी आई अजून नव्या घराची वाट पाहते आहे आणि तोवर आमच्याकडे राहते आहे. म्हणून या वेळी दोन शब्द चाळीबद्दल, तेही आपल्या, म्हणजे बायकांच्या बाजूनं.

ज्या मैत्रिणींनी या चाळी पाहिल्या नाहीत त्यांच्यासाठी थोडी माहिती. बी.डी.डी. म्हणजे बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट. सर जॉर्ज लॉईड मुंबईचे गव्हर्नर असताना 1920 साली हे खातं निघालं आणि त्या दशकात वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी इथं मिळून 207 चाळी बांधल्या गेल्या. एकेक चाळ तळमजला धरून चार मजल्यांची, मजल्यावर 20 खोल्या, म्हणजे एका चाळीत 80 बिऱ्हाडं. मधून लांबच लांब बोळ आणि त्याच्या दोन्ही अंगांना समोरासमोर दारं. खोली 160 चौरस फुटांची. संडास सामाईक. दोन चाळींच्या मधे पटांगण. उन्हाळ्यात वाळवणं, गणपती, क्रिकेट आणि लग्नाचा मांडव, सगळं त्या एका पटांगणात.

आमच्या खोलीत आम्ही आठजण होतो. आजी-आजोबा, आई-बाबा, काका आणि आम्ही तीन भावंडं. पाहुणे आले की दहा. तरी घर कधी पसरलेलं दिसायचं नाही, हे आईचं कसब. पलंगाच्या पायांखाली विटा घालून तो उंच केलेला. त्याच्याखाली कपड्यांच्या ट्रंका, धान्याचे डबे आणि अगदी मागे दिवाळीची भांडी. भिंतीला छतापर्यंत फळ्या. माळ्यावर गाद्यांच्या वळकट्या, आणि परीक्षा आली की आमचं अभ्यासाचं ठिकाणही तेच. रात्री पुरुषमंडळी बोळात अंथरुणं टाकायची. पहाटे पाणी आलं की आई आधी पिंप भरायची, मग हंडे-कळश्या, आणि शेवटी चहाचं पातेलंसुद्धा भरून ठेवायची. नळ गेल्यावर एका भांड्याचाही आधार वाटतो.

घर एवढंसं असल्यामुळे निम्मा संसार दाराबाहेर असे. भाजी निवडायला बायका बोळात बसत. बाळंतिणीचा डबा समोरच्या खोलीतून येई. विरजण, वाटीभर साखर, कढीपत्त्याच्या चार काड्या यांचा हिशोब कुणी ठेवत नसे, पण कुणी परत करायला विसरतही नसे. मी शाळेतून आले आणि आई दळणाला गेलेली असली, तर समोरच्या काकी न सांगता ताट वाढत.

या शेजाराचा केवळ मायेसाठी नव्हे, पोटासाठीही उपयोग झालेला आहे. गिरणगावात गावाकडून एकटे आलेले कामगार जेवत कुठं? चाळीतल्या बायकांच्या खाणावळीत. माझ्या आजीकडे आठ-दहा गडी जेवायला असत. पाळी बदलली की डबा बदले. अशा खाणावळवाल्या बायका सावकाराच्या कर्जातून सुटाव्यात, त्यांना बँकेचं कर्ज मिळावं, म्हणून 1975 साली प्रेमा पुरव यांनी 'अन्नपूर्णा महिला मंडळ' उभं केलं. पुढे 18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाला. घराघरातला पगार थांबला. आजी सांगायची की त्या दिवसांत मजल्यावरच्या बायकांनी शिवण, पापड-मसाले, घरकाम, मिळेल ते धरलं, आणि जी कामावर जाई तिची मुलं दुसरी सांभाळी. 'लिज्जत' पापडाची सुरुवातही 15 मार्च 1959 ला गिरगावातल्या एका इमारतीच्या गच्चीवर सात बायकांनी 80 रुपये उसने घेऊन केली होती. एकीकडे गच्ची होती, दुसरीकडे रिकामी दुपार होती आणि शेजारणींचा एकमेकींवर विश्वास होता. भांडवल म्हणावं तर तेवढंच.

हे सगळं खरं आहे. पण एवढंच सांगून थांबलं तर ते अर्धं खरं होईल.

आईला परवा माझ्या मुलानं विचारलं, "आजी, चाळीतलं तुला सगळ्यात जास्त काय आठवतं?" त्याला वाटलं, आजी गणपतीचं सांगेल. आई म्हणाली, "डबा घेऊन रांगेत उभं राहणं." मग तिनं मला जे सांगितलं ते त्याच्यासमोर सांगण्यासारखं नव्हतं. रात्री संडासाला जायचं तर कुणाला तरी सोबतीला उठवायचं, म्हणून ती संध्याकाळनंतर पाणी प्यायची नाही. मोरीला पडदा लावून अंघोळ, तीही पुरुष बाहेर पडल्यावर किंवा उजाडण्याआधी. पाळीचे कपडे वाळवायला जागा नाही, म्हणून दुसऱ्या ओल्या कपड्याखाली झाकून घालायचे. नवी सून आली की नवरा-बायकोला बोलायला एक कोपरा नाही. सासूनं टोचून बोललेलं वीस खोल्यांना ऐकू जाई आणि दुसऱ्या दिवशी नळावर त्याची चर्चा होई. बायको पाणी न पिता रात्र काढते हे काही नवऱ्याला कुणी सांगत नसे.

चाळीतल्या मोठ्या माणसांच्या गोष्टी आपण अभिमानानं सांगतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकर परळच्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळीत दोन खोल्यांत सुमारे 22 वर्षं राहिले. त्याच दोन खोल्यांत रमाबाईंनी संसार कसा रेटला असेल, याचा विचार मात्र त्या मानानं कमी होतो. चाळीची माया ही बायकांनी रोज पहाटे उठून केलेल्या कामावर उभी होती, हे विसरून चालणार नाही.

तरीही एक गोष्ट मला आजही सोडून द्यावीशी वाटत नाही. आमच्या मजल्यावर एका खोलीतला नवरा पिऊन यायचा आणि बायकोवर हात टाकायचा. पहिला आवाज झाला की टोकाच्या खोलीतल्या रत्नागिरीच्या आजी काठी टेकत यायच्या आणि दार वाजवायच्या. "अगो पोरी, वाटीभर साखर दे गो." साखर घेऊनही त्या जायच्या नाहीत. उंबऱ्यातच बसायच्या, गुडघे दुखतात म्हणायच्या, गावच्या भाताबद्दल विचारायच्या. हळूहळू आणखी दोघी-तिघी येऊन बसायच्या. एवढ्या बायका दारात बसल्यावर त्या माणसाला मुकाट्यानं झोपावं लागे. भांडण सोडवलं असं कुणी म्हणत नसे. पण त्या बाईला ठाऊक होतं की भिंतीपलीकडे माणसं आहेत आणि ती येतात.

आज आमची कळंबोली पाहा. एका बाजूला पोलाद बाजारातली ट्रकांची वर्दळ, दुसरीकडे पुण्याकडे जाणारा द्रुतगती मार्ग, आणि मधे सिडकोच्या वसाहती. घरात नळ, घरात संडास, आतून कडी. या तीन गोष्टींची किंमत माझ्या आईला विचारा! मी अर्धवेळ शाळेत शिकवते. सहावीच्या मुलांना 'माझे शेजारी' हा निबंध दिला, तर एका मुलीनं शेजारच्या काकांच्या मोटारीचं छान वर्णन केलं आणि शेवटी लिहिलं, 'त्यांचे नाव मला माहीत नाही.' म्हणून मग बंद दाराचीच खूण सगळीकडे असते असंही नाही. 26 जुलै 2005 च्या पावसात कळंबोलीत पाणी शिरलं, तेव्हा तळमजल्यावरच्या बिऱ्हाडांना वरच्या घरांनी कसं सामावून घेतलं, हे आमच्या जुन्या शेजारणी आजही सांगतात. म्हणजे दार उघडता येतं. त्यासाठी दर वेळी पूर यायला हवा असं थोडंच आहे?

आईला नव्या घराचा आनंद आहे. धास्ती एकाच गोष्टीची आहे. ती म्हणते, "रात्री पडले तर कुणाला कळणार?" सोडतीत घर कुठल्या मजल्यावर निघेल आणि समोरचं दार कुणाचं असेल, कोण जाणे. आम्ही दोघींनी बसून काही गोष्टी ठरवल्या आहेत. तुम्हालाही उपयोगी पडतील म्हणून देते.

1. नव्या जागी गेल्यावर पहिल्या आठवड्यात मजल्यावरच्या प्रत्येक दारी एकदा जावं. हळदीकुंकवाची वाट पाहू नये. विरजणाचं निमित्तही पुरतं.

2. घराची जादा किल्ली एका विश्वासाच्या शेजारणीकडे ठेवावी आणि तिची आपल्याकडे. दोघींच्या मुलांचे फोन नंबर दाराच्या आतल्या बाजूला मोठ्या अक्षरांत लिहून लावावेत.

3. एकट्या राहणाऱ्या वृद्ध बाईशी एक खूण ठरवावी. सकाळी नऊपर्यंत दुधाची पिशवी दारातच दिसली, तर बेल वाजवायची. रोज चौकशी करून तिला ओशाळं करू नये.

4. एप्रिलमध्ये गच्चीवर एक दिवस सगळ्यांच्या कुरडयांचा ठेवावा. सोसायटीची परवानगी आधी घ्यावी आणि गच्ची झाडून परत द्यावी. एकत्र काम केल्यानं जी ओळख होते ती सभेत होत नाही.

5. शेजारून मारहाणीचा आवाज आला तर 'त्यांचं घरचं आहे' म्हणून टीव्ही मोठा करू नये. एकटीनं न जाता दोघी-तिघींनी मिळून बेल वाजवावी आणि साखर मागावी. प्रकरण हाताबाहेर जात असेल तर 112 वर पोलिसांना कळवावं. महिलांसाठी 181 हा मदतीचा क्रमांक आहे. दुसऱ्या दिवशी त्या बाईला एकटीला गाठून तो क्रमांक द्यावा. चारचौघींत मात्र या गोष्टीची चर्चा करू नये. चाळीतला तेवढा भाग चाळीतच राहू द्यावा.

आमच्या मजल्यावर या उन्हाळ्यात कुरडयांचा दिवस ठरला आहे. गव्हाचा चीक आई ढवळणार आहे, कारण गुठळी न होऊ देता तो शिजवणं आमच्यापैकी कुणालाच जमत नाही. तिच्या प्रमाणात एक किलो गव्हाला काय काय लागतं आणि गहू किती दिवस भिजवायचे, ते पुढच्या वेळी सविस्तर देईन.