नाही म्हणण्याचा अधिकार

एखादी गोष्ट आहे हे कसे कळते, या प्रश्नाइतकाच एखादी गोष्ट नाही हे कसे कळते हा प्रश्नही अवघड आहे, हे भारतीय दर्शनांनी फार पूर्वी ओळखले आणि त्यावर शतकानुशतके वाद घातले. शास्त्रग्रंथांतले ठरलेले उदाहरण जमिनीवरच्या घटाचे आहे. समोरच्या जमिनीवर घट नाही हे पाहणाऱ्याला निश्चितपणे कळते. पण डोळ्यांना दिसते ती केवळ जमीन, तेव्हा घटाच्या अभावाचे ज्ञान आले कोठून? कुमारिल भट्टांच्या परंपरेतील मीमांसकांनी त्यासाठी प्रत्यक्ष, अनुमान इत्यादींहून वेगळे असे ‘अनुपलब्धी’ नावाचे प्रमाण, म्हणजे यथार्थ ज्ञानाचे साधन, मानले. नैयायिकांनी अभाव हा खराखुरा पदार्थ असून तो इंद्रियांनीच कळतो असे प्रतिपादिले. तर प्राभाकरांनी, रिकाम्या जमिनीपलीकडे अभाव म्हणून काही नाहीच, असे सांगून वादच निकालात काढू पाहिला. तो निघाला नाही, हे वेगळे सांगायला नको.

या वादातला सर्वांत उपयुक्त विचार बौद्ध आचार्य धर्मकीर्तींनी नेमकेपणाने मांडला. न दिसणे हा नसण्याचा पुरावा केव्हा ठरतो? जी वस्तू तेथे असती तर दिसलीच असती, म्हणजे उजेड, अंतर, डोळे आणि लक्ष हे सारे जागेवर असताना जिचे दर्शन टळले नसते, तिच्याच बाबतीत. जी वस्तू स्थळाने, काळाने किंवा स्वभावानेच दूर आहे, तिच्या न दिसण्यातून फक्त संशय निष्पन्न होतो. पिशाच दिसत नाही एवढ्यावरून ते नाही असे सिद्ध होत नाही, हे त्यांनी पिशाचावरील श्रद्धेपोटी नव्हे, तर तर्काच्या शिस्तीपोटी मान्य केले.

ही शिस्त सुटली की काय होते, याचे खानदेशातले एक उदाहरण मुळातून पाहण्यासारखे आहे. रानपिंगळा हे मध्य भारताच्या जंगलांतले छोटे घुबड; 1884 नंतर त्याचा विश्वासार्ह नमुना मिळाला नाही आणि सालिम अली व डिलन रिप्ली यांच्यासारख्या जाणकारांनी शोध घेऊनही ते सापडेना, तेव्हा ते नामशेष झाले असावे हा समज दृढ होत गेला. या साऱ्या काळात ब्रिटिश लष्करी अधिकारी व पक्षितज्ज्ञ रिचर्ड माइनर्ट्‌झहागेन याने 1914 मध्ये गुजरातेतील मांडवीला एक रानपिंगळा मिळवल्याची नोंद प्रमाण मानली जात होती. पुढे पामेला रासमुसेन आणि नायजेल कॉलर यांनी दाखवून दिले, की तो नमुना वस्तुतः 1880 च्या दशकात जेम्स डेव्हिडसन यांनी खानदेशात मिळवलेला असून माइनर्ट्‌झहागेनने तो संग्रहालयातून उचलून त्यावर खोटी चिठ्ठी लावली होती. शब्दप्रमाणासाठी, म्हणजे दुसऱ्याच्या सांगण्यावरून होणाऱ्या ज्ञानासाठी, सांगणारा ‘आप्त’ म्हणजे यथार्थ बोलणारा असावा लागतो, ही नैयायिकांची अट येथे शब्दशः मोडली होती. खोट्या नोंदी बाजूला सारून जुन्या खऱ्या नमुन्यांच्या ठिकाणांचा माग काढला गेला आणि नोव्हेंबर 1997 मध्ये शहाद्याजवळ, सातपुड्याच्या पायथ्याशी, रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अ‍ॅबट यांना रानपिंगळा भरदिवसा झाडावर बसलेला दिसला. तब्बल 113 वर्षे पक्षी होताच. ‘असता तर दिसला असता’ असे म्हणण्याजोगा शोध मात्र झालेला नव्हता.

घुबडाच्या बाबतीत अशी चूक विस्मयाची कथा ठरते, माणसांच्या बाबतीत ती तशी राहत नाही. कोविडच्या दुसऱ्या लाटेत ऑक्सिजनअभावी झालेले मृत्यू राज्यांनी विशेषत्वाने कळवलेले नाहीत, असे लेखी उत्तर केंद्र सरकारने 20 जुलै 2021 रोजी राज्यसभेत दिले. त्याच वर्षी 21 एप्रिलला नाशिकच्या महापालिका रुग्णालयात टाकीच्या गळतीमुळे प्राणवायूचा पुरवठा कोलमडून 22 रुग्ण दगावल्याचे वृत्त देशभर पोचले होते. उत्तर अक्षरशः खोटे नव्हते. पण मृत्यू कळवण्याच्या पद्धतीत असा मृत्यू वेगळा दिसण्याची सोय होती काय, हा धर्मकीर्तींचा प्रश्न त्याला विचारायलाच हवा होता. जेथे तशी सोय नसते, तेथे कोरा रकाना काहीही सिद्ध करीत नाही.

‘मराठी वाचक उरला नाही’ हे विधानही याच जातीचे आहे. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी 1909 मध्ये ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, त्यानंतरच्या शतकात या परंपरेने अनेक स्थित्यंतरे पाहिली, आणि आता दर आश्विनात तिचा मृत्युलेख ठरल्यासारखा लिहिला जातो. हा वाचक शोधला कोठे जातो, तर मोठ्या शहरांतल्या मोजक्या विक्रेत्यांकडच्या खपाच्या आकड्यांत. ज्या तालुक्याच्या गावी अंक पोचतच नाही, तेथे तो विकला गेला नाही यावरून काय सिद्ध होते? वाचक घटला असेलही. ते नाकारण्याचे कारण नाही. पण ते अजून कळलेले नाही, केवळ मानले गेले आहे.

तेव्हा वाचकांना एवढीच विनंती, की प्रस्तुत अंक वाचून झाल्यावर तो रद्दीत न घालता, दिवाळी अंक पोचत नाहीत अशा एखाद्या गावच्या शाळेला किंवा वाचनालयाला द्यावा, आणि तेथे तो कोणी वाचला हे संपादकांना पत्राने कळवावे.