पंख्यांनी ढग पळवले का?

सातारा आणि सांगली जिल्ह्यांतल्या पठारांवर उभ्या असलेल्या पवनचक्क्यांना गावाकडे सरळ ‘पंखे’ म्हणतात. या एका शब्दाने निम्मा घोटाळा केला आहे. घरातला पंखा वीज घेतो आणि वारा देतो. पवनचक्कीचे काम नेमके उलटे आहे. ती वारा घेते आणि वीज देते. पण एकदा ‘पंखा’ म्हटले की तो वारा सोडत असणार, आणि एवढाले शेकडो पंखे डोंगरावर फिरू लागले तर ढगांना पळवून लावत असणार, हे मनात बसायला वेळ लागत नाही.

पाटण तालुक्यातल्या वनकुसवडे पठारावर आणि सातारा तालुक्यात चाळकेवाडी, ठोसेघरच्या बाजूला पवनचक्क्या उभ्या राहू लागल्या त्या नव्वदच्या दशकाच्या अखेरीपासून. सांगली जिल्ह्यात कवठेमहांकाळ तालुक्यातल्या ढालगाव परिसरात त्या पुढे आल्या. आणि २००२ नंतर लागोपाठ दुष्काळाची वर्षे आली. माण, खटाव, आटपाडी, जत, कवठेमहांकाळ या तालुक्यांत जनावरांसाठी छावण्या उघडाव्या लागल्या. तेव्हापासून ‘पंख्यांनी पाऊस पळवला’ ही तक्रार पारावर, आंदोलनांत आणि पुढाऱ्यांच्या भाषणांत ऐकू येत राहिली. पाऊस लांबला की आजही ती पुन्हा डोके वर काढते.

तक्रार करणाऱ्यांना अडाणी ठरवून मोकळे होणे सोपे आहे, पण ते बरोबर नाही. जुलैमध्ये चाळकेवाडीच्या पठारावर जाऊन उभे राहा. ढग अक्षरशः जमिनीला टेकलेले असतात आणि पवनचक्कीची पाती ते कापत फिरताना दिसतात. पूर्वेकडे जतच्या माळावर उभे राहिलात तर दिसते ते असे: वारा भन्नाट, पाती जोरात फिरताहेत, डोक्यावरून काळे ढग पळताहेत आणि थेंब पडत नाही. डोळ्यांना दिसते ते खोटे नाही. त्यातून काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे.

पवनचक्क्या जिथे वारा जास्त तिथेच उभ्या करतात. सह्याद्री ओलांडून आलेला पावसाळी वारा पूर्वेच्या पठारांवर जोरात वाहतो, पण तोवर त्यातले बरेचसे पाणी घाटमाथ्यावर सांडून गेलेले असते. वर उरलेली हवा खाली उतरते, उतरताना तापते, आणि तापलेल्या हवेत ढग धरत नाहीत. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. तिथून वीसएक किलोमीटरवरच्या पाचगणीत तो साधारण तिसऱ्या हिश्शावर येतो, वाईत सातशेच्या आसपास राहतो आणि माणदेशात पाचशेच्या घरात किंवा त्याहूनही खाली जातो. म्हणजे जोराचा वारा आणि कोरडे आभाळ ही त्या भागात एकाच कारणाची दोन फळे आहेत. वारा पाहून कंपन्या आल्या आणि कोरडे आभाळ तिथे आधीपासूनच होते. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली.

आधीपासून म्हणजे किती आधी? म्हसवडजवळ माण नदीवरचा राजेवाडीचा विस्तीर्ण तलाव ब्रिटिशांनी एकोणिसाव्या शतकात बांधला तो दुष्काळाच्या धास्तीनेच. १८७६ ते १८७८ चा दुष्काळ आणि १९७२ चा दुष्काळ पडला तेव्हा या डोंगरांवर एकही पवनचक्की नव्हती.

आता थोडे गणित. एक मिलिमीटर पाऊस एक चौरस किलोमीटरवर पडला, तर ते पाणी होते एक हजार टन. एवढ्या वाफेचे पाणी होताना जी उष्णता बाहेर पडते, ती अडीचशे मेगावॅटचा पवनऊर्जा प्रकल्प (वनकुसवडे साधारण तेवढाच आहे) पूर्ण क्षमतेने पावणेतीन तास चालल्यावर जेवढी ऊर्जा देईल तेवढी असते. हे फक्त एका चौरस किलोमीटरचे. हजार चौरस किलोमीटरच्या तालुक्यावर एक मिलिमीटरची भुरभुर झाली, तर त्या ऊर्जेची बरोबरी करायला त्याच प्रकल्पाला रात्रंदिवस, क्षणभरही न थांबता, सुमारे एकशे पंधरा दिवस चालावे लागेल. मोसमी वाऱ्याचा मुख्य झोत जमिनीपासून किलोमीटर-दीड किलोमीटर उंचीवर असतो आणि पावसाचे ढग त्याच्याही वर कित्येक किलोमीटर गेलेले असतात. सुरुवातीच्या काळातल्या पवनचक्कीच्या पात्याचे टोक शंभर मीटरच्या आसपास पोहोचते. चाळकेवाडीला पाती ढग कापताना दिसतात, पण तो ढगाचा तळ असतो.

जगभरात या प्रश्नाचा अभ्यास झाला आहे. युरोपातल्या पवनचक्क्यांचा तिथल्या हवामानावर काय परिणाम होतो याचे संगणकीय प्रारूप २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात पावसातला फरक हिवाळ्यापुरता आणि जास्तीत जास्त पाच टक्क्यांपर्यंतचा आढळला, तोही मोठ्या प्रदेशावरच्या प्रचंड संख्येचा. २०१८ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आलेल्या एका अभ्यासात तर संशोधकांनी संगणकावर सगळे सहारा वाळवंट पवनचक्क्यांनी आणि सौरपट्ट्यांनी भरून पाहिले. तिथे पाऊस घटला नाही, वाढला! अर्थात सहाराचा हिशेब जतला लावता येत नाही. त्यामुळे ‘पंख्यांनी पाऊस वाढतो’ अशी नवी अफवा कोणी काढू नये.

इथवर वाचून कंपन्यांच्या बाजूचा माणूस म्हणेल, झाले तर मग, पवनचक्कीचा काहीही परिणाम होत नाही. तेही खरे नाही. आणि या वादात माझी खरी तक्रार इथूनच सुरू होते.

अमेरिकेतल्या टेक्सासमध्ये पवनचक्क्यांच्या मोठ्या समूहाखालची जमीन रात्री आजूबाजूच्या जमिनीपेक्षा थोडी उबदार राहते, असे उपग्रहांच्या नोंदींवरून २०१२ मध्ये दिसून आले. रात्री जमिनीलगत साचणारी थंड हवा पात्यांमुळे वरच्या उबदार हवेत मिसळते. वातावरणात नवी उष्णता येत नाही, असलेलीच इकडची तिकडे होते. पण पिकाच्या दृष्टीने दवाचे आणि पहाटेच्या गारव्याचे महत्त्व शाळूच्या शेतकऱ्याला वेगळे सांगायला नको. ढालगावच्या रानात हे कोणी मोजायला हवे होते.

आवाजाचेही तसेच. जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप विभागाने २०१८ मध्ये पवनचक्कीच्या आवाजाची सरासरी पातळी ४५ डेसिबलच्या आत असावी अशी शिफारस केली. उपलब्ध पुरावा कमी असल्याने ती सशर्त आहे. पवनचक्कीमुळे अमुक आजार होतो असे सिद्ध झालेले नाही. पण रात्रभर चालणाऱ्या ‘सुप्प सुप्प’ आवाजाने झोपमोड आणि चिडचिड होते, हे अनेक पाहण्यांत पुढे आले आहे. ते घर किती अंतरावर आहे यावर अवलंबून असते, आणि अंतर हा नियमाने ठरवायचा, मोजायचा विषय आहे.

सर्वांत नेमका पुरावा मात्र साताऱ्यातलाच आहे. चाळकेवाडीच्या पठारावर बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी पवनचक्क्या असलेला भाग आणि नसलेला भाग यांची तुलना केली आणि २०१८ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. पवनचक्क्या नसलेल्या भागात शिकारी पक्षी जवळजवळ चौपट दिसले. पवनचक्क्यांच्या भागात ते घटले, तसे त्यांचे खाद्य असलेले सरडे वाढले. ‘सरडा सुपर्बा’ नावाचा, गळ्याखाली निळ्या-काळ्या-केशरी रंगाचा पंखा असलेला देखणा सरडा या पठारावरचाच. त्याचे हे शास्त्रीय नावही २०१६ मधले, आणि त्यातला पहिला शब्द आपल्या मराठीतून उचललेला. शिकारीची भीती कमी झाल्यावर या सरड्यांच्या रक्तातले ताणाचे संप्रेरक उतरले आणि ते माणसालाही जवळ येऊ देऊ लागले. पण गर्दी वाढल्याने ते हडकुळे झाले आणि गळ्याचा रंग फिका पडला. पवनचक्क्यांनी जणू घार-ससाण्यांच्याही वरच्या शिकाऱ्याची जागा घेतली होती.

म्हणजे परिणाम होता. पण वीस वर्षे भांडण चालले ते ढगावर, आणि घारीकडे कोणी पाहिले नाही. असे का व्हावे?

उत्तर कागदपत्रांत आहे. धरण, खाण, कोळशावरचे वीजकेंद्र उभारायचे तर पर्यावरणावरच्या परिणामांचे मूल्यांकन करावे लागते आणि बहुतेक मोठ्या प्रकल्पांसाठी गावात जनसुनावणी घ्यावी लागते. ज्या २००६ च्या अधिसूचनेने हे बंधन आहे, तिच्या यादीत पवनऊर्जा नाही. सौरऊर्जेच्या प्रकल्पांनाही ते लागू नाही. जमीन वनखात्याची असेल तर वेगळी परवानगी लागते, एवढेच. स्वच्छ ऊर्जेला वाट सोपी करून द्यावी हा त्यामागचा हेतू चांगला. पण त्यामुळे वनकुसवडेच्या किंवा ढालगावच्या माणसाला अधिकृतपणे प्रश्न विचारण्याची जागाच उरली नाही. रस्ते कुठून जाणार, ओढे बुजणार का, जनावरे कुठे चरणार, जमिनीला भाव कोणी ठरवला, ग्रामपंचायतीला कर किती मिळणार हे विचारायचे कुठे? ज्याला विचारता येत नाही तो दुष्काळात आभाळाकडे बोट दाखवतो.

पैशाची बाजूही लोकांना दिसत होतीच. पवनचक्कीतल्या गुंतवणुकीवर पहिल्याच वर्षी ८० टक्के घसारा दाखवून आयकर वाचवण्याची सवलत होती. त्यामुळे शहरातल्या अनेक उद्योगांनी आणि श्रीमंतांनी करबचतीसाठी पवनचक्क्या घेतल्या. डोंगर पाटणचा, वारा पाटणचा, आणि मालक असा कोणी ज्याने तो डोंगर कधी पाहिलेलाही नाही. डॉ. भारत पाटणकर यांच्या श्रमिक मुक्ती दलाने पवनचक्क्यांवर शेतकऱ्यांच्या हक्काचा प्रश्न लावून धरला, तो मला ढगांच्या वादापेक्षा कितीतरी जास्त वैज्ञानिक वाटतो. ‘वारा आमच्या शिवारातून जातो, त्याच्या उत्पन्नात वाटा द्या’ ही मागणी तपासता येते, तिच्यावर आकडे मांडता येतात.

दुसरीकडे, पवनचक्क्या नकोतच म्हणणाऱ्यांनीही हिशेब करायला हवा. अडीचशे मेगावॅटचा प्रकल्प वर्षभरात सरासरी पाचव्या हिश्श्याने चालला असे धरले तरी सुमारे ४४ कोटी युनिट वीज मिळते. कोळशाच्या विजेत दर युनिटमागे साधारण एक किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. म्हणजे वर्षाला चार लाख टनांहून अधिक. तेवढीच वीज चंद्रपूर किंवा कोराडीला कोळसा जाळून केली, तर राख आणि धूर तिथल्या लोकांच्या छातीत जातो. साताऱ्याच्या पठारावर पाती फिरली की त्यातला थोडा वाचतो. लाभ सगळ्या राज्यात पसरतो आणि झळ चार-सहा गावांना बसते, ही स्वच्छ ऊर्जेची खरी अडचण आहे.

आणि पाऊस बदलतो आहे हेही खरेच आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली, धोक्याच्या पातळीच्या बारा फूट वर. त्याच दिवसांत त्याच जिल्ह्यात जत आणि आटपाडीत पाण्याचे टँकर चालू होते. जुलै २०२१ मध्ये महाबळेश्वरला चोवीस तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस झाला आणि पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव इथे दरडी कोसळून माणसे गेली. तापलेल्या हवेत वाफ अधिक मावते, दर अंशाला साधारण सात टक्के, आणि ती कमी दिवसांत, मोठ्या सरींत पडते. माणदेशातल्या माणसाला पाऊस बेभरवशाचा झाल्यासारखे वाटते ते उगीच नव्हे. गंमत म्हणा वा दुर्दैव, त्याचा राग निघाला तो नेमका तापमानवाढीवरच्या एका उपायावर.

हा विषय जुना झाला असे कोणाला वाटेल, तर तसे नाही. पवनचक्कीचे आयुष्य वीस-पंचवीस वर्षांचे धरतात. पहिल्या फळीतल्या यंत्रांचे ते संपत आले आहे. जुनी यंत्रे काढून त्या जागी थोडीच, पण कितीतरी मोठी यंत्रे बसवण्याचे केंद्राचे धोरण २०२३ च्या अखेरीस आले. वारा उत्तम असलेली साताऱ्या-सांगलीची पठारे त्यात पुढे असणार. दुसऱ्या बाजूला मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत शेतीला दिवसा वीज देण्यासाठी सौरप्रकल्प उभे राहत आहेत. खासगी जमीन देणाऱ्याला हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये भाडे आणि त्यात दरवर्षी तीन टक्के वाढ आहे. पण ज्या गावात गायरान दिले जाते, तिथे मेंढपाळाला भाडे कोण देणार हा प्रश्न उभा राहतो. गायरानाच्या सातबाऱ्यावर त्याचे नाव नसते.

त्यामुळे पुढच्या ग्रामसभेत ढगांवर वेळ घालवण्यापेक्षा काही प्रश्न लेखी विचारून ठेवलेले बरे. नवे यंत्र सर्वांत जवळच्या घरापासून किती मीटरवर असेल आणि रात्रीचा आवाज कोण मोजणार? जुन्या मनोऱ्याखालचे काँक्रीट उखडून जमीन पूर्ववत करण्याचा खर्च करारात कोणाच्या नावावर आहे? ओढ्यांची तोंडे बुजवून केलेले रस्ते मोकळे होणार का? चराईची पर्यायी जागा कोणत्या गट नंबरात? आणि ज्यांना अजूनही पावसाची शंका आहे, त्यांच्यासाठी महसूल मंडळांतल्या पर्जन्यमापकांच्या नोंदी आहेत. पवनचक्क्या येण्याआधीची वीस वर्षे आणि नंतरची वीस वर्षे तालुक्याच्या नोंदींतून काढून शाळेतली आठवीची मुलेसुद्धा आलेख काढू शकतील. तो आलेख चावडीच्या भिंतीवर लावावा, आणि त्याच्या शेजारी कराराची प्रत.