भिंत लाटा अडवते, सांडपाणी नाही

इंग्लंडच्या कॉर्नवॉल परगण्यात ब्यूड नावाचे लहानसे गाव आहे. तिथल्या समरलीझ किनाऱ्यावर, कड्याच्या पायथ्याशी, खडकांना भिंत जोडून १९३० साली एक तलाव बांधला गेला. लांबी सुमारे ९१ मीटर. भरतीला समुद्र भिंतीवरून आत येतो आणि पाणी ताजे करून जातो. पोहणाऱ्याला समुद्र मिळतो, पण ओढून नेणारा प्रवाह नाही. आणि प्रवेशाला पैसे पडत नाहीत.

२०१० साली कौन्सिलने या तलावाचा खर्च उचलण्याचे थांबवले. मंदीनंतरचे काटकसरीचे दिवस होते. अशा वेळी कात्री पहिल्यांदा फुकटच्या सुखावरच चालते. पण गावकरी गप्प बसले नाहीत. २०११ साली त्यांनी ‘फ्रेंड्स ऑफ ब्यूड सी पूल’ ही संस्था उभी केली, देणग्या जमवल्या, भिंतीची डागडुजी केली. तलाव वाचला.

आमच्या पिढीतले बरेचजण पाठीला सुका भोपळा बांधून विहिरीत पोहायला शिकले. मीही त्यातलाच. तेव्हा ना तिकीट होते, ना सभासदत्व. म्हणून ब्यूडकरांचे मला मनापासून कौतुक वाटते. तरीही एक प्रश्न पाठ सोडत नाही. लोकांनी वर्गणी काढून सार्वजनिक वास्तू वाचवली की सरकारची जबाबदारी संपते काय? ब्यूडमध्ये वेळ देणारी आणि खिशात हात घालणारी माणसे होती. जिथे ती नसतील, तिथल्या मुलांनी पोहायला कुठे जायचे?

वर्गणीची मर्यादा दुसऱ्या एका बाबतीत अधिकच स्पष्ट दिसते. इंग्लंडमध्ये अनेक ठिकाणी पावसाचे पाणी आणि मैला एकाच नळातून वाहतो. मोठा पाऊस झाला की नळ तुंबून मैला घरात शिरू नये म्हणून तो नदीत किंवा समुद्रात सोडण्याची मुभा आहे. अपवादासाठी केलेली ही सोय आता नित्याची झाली आहे. २०२४ साली इंग्लंडभर असे सांडपाणी एकूण ३६ लाखांहून अधिक तास सोडले गेले. हा पाणीपुरवठा आणि मलनिःसारणाचा कारभार १९८९ पासून खासगी कंपन्यांकडे आहे. भागधारकांना लाभांश मिळत राहिला, नळ मात्र पुरेसे सुधारले नाहीत, असा लोकांचा संताप आहे.

या संतापाला तोंड फोडले ते पाण्यात उतरणाऱ्यांनीच. ‘सर्फर्स अगेन्स्ट सूएज’ ही संघटना १९९० साली याच कॉर्नवॉलमध्ये जन्मली. ज्याच्या नाकातोंडात ते पाणी जाते, तोच आधी ओरडणार!

भिंत बांधायला गाव पुरे पडते. पण भिंतीपलीकडचा समुद्र स्वच्छ ठेवायला कायदा लागतो, पैसा लागतो आणि जाब विचारणारे सरकार लागते. वर्गणी जरूर काढावी. पावतीबरोबर जाब विचारण्याचा हक्क मात्र देऊन टाकू नये.