स्ट्रीमरमधला डॅक खरंच आवाज अडवतो का? सात हजार खर्च करण्याआधी हे वाचा

गेल्या महिन्यात दहिवडीहून मावसभावाचा मेसेज आला. "दादा, स्ट्रीमरमधला डॅक आवाज मारतो म्हणं. बाहेरचा घेऊ का? सात हजाराला मिळतोय."

त्याचं मोटार रिवायंडिंगचं दुकान आहे. सात हजार जमवायला त्याला किती मोटारी गुंडाळाव्या लागतात, हे मला माहीत आहे. म्हणून "घे" किंवा "नको" असं उत्तर लगेच दिलं नाही. म्हटलं, शनिवारी येतो, बसून ऐकू.

त्याच्याकडे मावशीच्या यजमानांचा जुना अॅम्प्लिफायर आणि दोन मोठे स्पीकर आहेत. त्याला त्याने दिवाळीत एक स्ट्रीमर जोडला. स्ट्रीमर म्हणजे वायफायवरून गाणं घेऊन अॅम्प्लिफायरला देणारी छोटी डबी. इथवर सगळं बरं चाललं होतं. मग त्याने दोन-चार व्हिडिओ पाहिले आणि डोक्यात किडा शिरला.

हा प्रश्न आत्ताच का?

कारण 'लॉसलेस' हा शब्द सगळीकडे ऐकू येतोय. अॅपल म्युझिकने २०२१ च्या जूनमध्ये जादा पैसे न घेता लॉसलेस सुरू केलं. स्पॉटिफायने सप्टेंबर २०२५ मध्ये २४ बिट, ४४.१ किलोहर्ट्झपर्यंतचं लॉसलेस आणलं आणि नंतर ते भारतातही आलं. म्हणजे फाइल सुधारली. मग विकणारे पुढचं वाक्य टाकतात: "फाइल भारी, पण तुमचा डॅक साधा. आवाज तिथेच अडकतो."

ऐकायला पटतं. पण खरं आहे का?

डॅक करतो काय?

गाण्याची फाइल म्हणजे नुसते आकडे. सीडीच्या दर्जात एका सेकंदाला ४४,१०० वेळा आवाजाची उंची मोजलेली असते, प्रत्येक मोजणी १६ बिटची. डॅक त्या आकड्यांचं पुन्हा विजेच्या लहरीत रूपांतर करतो. ती लहर अॅम्प्लिफायर मोठी करतो, स्पीकर हलतो, आपल्याला गाणं ऐकू येतं.

हे काम १९८२ मध्ये, सीडी बाजारात आली तेव्हा, महागडं होतं. आज त्याची चिप तुमच्या फोनमध्ये, टीव्हीत, अगदी टाइप-सी ते ३.५ एमएमच्या छोट्या डोंगलमध्येही असते.

आता दोन आकडे बघा. १६ बिट म्हणजे सर्वांत मोठ्या आणि सर्वांत बारीक आवाजात सुमारे ९६ डेसिबलचं अंतर. सध्याच्या बऱ्या स्ट्रीमरमधला डॅक साधारण तेवढं किंवा त्याहून जास्त अंतर सांभाळतो. पण जुन्या टेपवरच्या रेकॉर्डिंगमध्ये हे अंतर साधारण ६० ते ७० डेसिबलच असतं.

भावाचं आवडतं ऐकणं म्हणजे गीतरामायण. आमच्या माणदेशाच्या गदिमांचे शब्द, सुधीर फडक्यांचं संगीत. १९५५ मध्ये पुणे आकाशवाणीवरून सुरू झालेली ५६ गाणी. त्या काळच्या टेपवर जी बारीक सळसळ आहे, ती साध्या डॅकच्या स्वतःच्या आवाजापेक्षा कितीतरी मोठी. आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार? डॅक सात हजाराचा असो नाहीतर सत्तर हजाराचा.

मग बाहेरचा डॅक लावला की "फरक" का वाटतो?

मी पुण्याहून मित्राचा बाहेरचा डॅक मागून नेला होता. स्ट्रीमरच्या ऑप्टिकल आउटपुटला तो जोडला. आधी स्ट्रीमरमधला डॅक, मग बाहेरचा. भाऊ लगेच म्हणाला, "बघ की, उघडला आवाज!"

खरं सांगायचं तर मलाही तसंच वाटलं.

मग त्याचाच मल्टिमीटर घेतला. १०० हर्ट्झचा सलग सूर लावला आणि स्पीकरच्या तारांवर व्होल्टेज मोजलं. आतल्या डॅकने १.०० व्होल्ट, बाहेरच्याने १.१२ व्होल्ट. म्हणजे बाहेरचा जवळपास १ डेसिबलने मोठा वाजत होता. इतका छोटा फरक कानाला "मोठा" असा कळत नाही, "चांगला" असा वाटतो. इथेच बहुतेकांची फसगत होते.

आवाज कमी-जास्त करून दोन्ही व्होल्टेज सारखी केली. भावाला पाठमोरा बसवला आणि नाणं उडवून ठरवलं की कुठला डॅक लावायचा. दहा वेळा विचारलं. सहा वेळा बरोबर आला.

"सहा म्हणजे पास की!" तो म्हणाला. पण गणित वेगळं सांगतं. नुसत्या अंदाजाने उत्तरं दिली तरी दहापैकी सहा किंवा जास्त बरोबर येण्याची शक्यता जवळपास ३८ टक्के असते. नऊ आले असते तर मीही विचारात पडलो असतो. एका माणसाच्या दहा उत्तरांवरून जगाचा निकाल लागत नाही. पण त्याच्या घरात, त्याच्या कानांना, सात हजार मोजण्याइतका फरक नव्हता.

आवाज खरंच कुठे अडतो?

पहिली जागा ब्लूटूथ. गाणं ब्लूटूथवरून गेलं की फोनमधला डॅक कामालाच येत नाही. फोन गाणं पुन्हा दाबून पाठवतो आणि डॅकचं काम इअरबड्समध्ये होतं. सीडीचा मूळ प्रवाह सेकंदाला १,४११ किलोबिट. एलडॅक कोडेक जास्तीत जास्त ९९० पर्यंत जातो, साधा एसबीसी साधारण ३२८ पर्यंत. म्हणजे बहुतेक इअरबड्सवर लॉसलेस पूर्ण पोचत नाही, डॅक कुठलाही घ्या.

दुसरी जागा सेटिंग. अॅपमध्ये दर्जा 'ऑटोमॅटिक' असेल तर रेंज पडली की दर्जाही पडतो. चार मिनिटांचं गाणं ३२० केबीपीएसला सुमारे १० एमबी, लॉसलेसला साधारण २० ते ३० एमबी. आमच्याकडे घाट उतरताना रेंज कशी जाते ते सांगायला नको. घरी वायफायवर डाउनलोड करून ठेवा.

तिसरी जागा स्पीकर आणि खोली. साध्या डॅकची विकृती टक्क्याच्या शंभराव्या भागाच्या आसपास किंवा त्याहून कमी असते. मोठ्या आवाजात स्पीकरची विकृती सहज टक्क्यात जाते. वर पत्रा, खाली फरशी आणि डोक्यावर फिरणारा पंखा असेल तर बारीक सूर तिथेच संपले.

डॅक बदलावा कधी?

काही वेळा तक्रार खरी असते:

- गाणं बंद असतानाही सूं किंवा हम्म ऐकू येत असेल. आधी केबल आणि चार्जर बदलून बघा, तरी राहिलं तर डॅक बदला.
- २५०-३०० ओहमचे हेडफोन असतील आणि आवाज पूर्ण करूनही कमी पडत असेल. इथे खरी गरज जास्त ताकदीच्या हेडफोन अॅम्पची असते.
- फोनला हेडफोन जॅकच नसेल. तेव्हा साधा, पण आत डॅक असलेला डोंगल घ्या. चिप नसलेले डोंगल सगळ्या फोनवर चालत नाहीत.

यातलं काहीच नसेल तर घाई करू नका. घ्यायचाच असेल तर परत करता येईल असा घ्या आणि आवाज सारखा करून, न बघता ऐका.

दहिवडीत आम्ही शेवटी काय केलं? कपाटावर भिंतीला चिकटवून ठेवलेले स्पीकर खाली घेतले, कानाच्या उंचीला आणले, भिंतीपासून हातभर पुढे ओढले. समोरच्या उघड्या भिंतीवर मावशीचं जुनं घोंगडं टांगलं. बाबूजींचा आवाज दोन स्पीकरच्या मधोमध येऊन उभा राहिला. हा फरक ओळखायला नाणं उडवावं लागलं नाही. स्वयंपाकघरातून मावशीनेच विचारलं, "नवीन काय आणलं रं?"

सात हजार अजून भावाकडेच आहेत. घोंगडं मात्र मावशी परत मागतेय.